उंबऱ्याबाहेरचं घमेलं

"हात दाव."

अक्कांकडे जाणाऱ्या प्रत्येकाला आधी हे दोन शब्द ऐकावे लागत. ये, बस, पाणी घे हे सगळं नंतर, आणि तेही हात पसंत पडले तर. शाळेत प्रार्थनेनंतर बाईंपुढे करायचो तसे दोन्ही हात पुढे धरायचे, मग पालथे करायचे. कपाळावर चढवलेला चष्मा खाली ओढून अक्का एकेक नख बघायच्या. मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते, हात धुणं हा माझा अर्धा धंदाच आहे. तरीही त्यांच्यापुढे उभं राहिलं की आपल्या नखात नक्की काहीतरी अडकलंय असं मला वाटायचं.

माणसाला आत घेण्याआधी दारात तपासणारी बाई आपल्याकडे कुणाला आवडत नाही. तुम्हीही अशी एखादी पाहिली असेल आणि तिला मागून नावं ठेवली असतील. मीही ठेवली. पहिल्या दिवशी परत निघताना मी स्कूटीवर बसून स्वतःशीच म्हणाले होते, ही बाई आहे का चेकनाका.

मी राहते जळोचीला, लॅब बारामतीत. ज्यांना लॅबपर्यंत येववत नाही त्यांच्या घरी जाऊन रक्त आणायचं काम माझ्याकडे आहे. अक्कांचं घर निमगाव केतकीच्या बाहेर वस्तीवर. नवं स्लॅबचं घर, पुढं अंगण, मागं डाळिंबाची बाग. रक्त घ्यायचं होतं त्यांच्या नवऱ्याचं. त्यांना सगळे तात्या म्हणत. तात्यांना रक्ताचा कॅन्सर झाला होता. पुण्याला केमो घेऊन ते घरी यायचे आणि पुढच्या केमोपर्यंत दर आठवड्याला त्यांच्या पांढऱ्या पेशी किती उरल्यात ते बघावं लागायचं. त्या तपासणीला वस्तीवर सगळे 'काउंट' म्हणत. शेजारची म्हातारीसुद्धा विचारायची, "काउंट चढलं का गं?"

घराच्या उंबऱ्याबाहेर एक लोखंडी घमेलं ठेवलेलं असे. त्यात ब्लिचिंगचं पाणी. आत जाणाऱ्यानं चपला बाहेर काढायच्या, पाय त्या पाण्यात बुडवायचे, मग नळावर साबणानं हात, मग मास्क. आणि एवढं सगळं करूनही आत जायला मिळेलच असं नाही. नव्व्याण्णव टक्के माणसं त्या घमेल्यापासूनच माघारी फिरत.

ही पद्धत अक्कांनी दवाखान्यातून आणली नव्हती, बागेतून आणली होती. त्यांची पहिली बाग तेल्यानं गेली. डाळिंबवाल्यांना तेल्या म्हणजे काय ते सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. पानांवर आणि फळांवर तेलकट डाग पडतात, मग फळ तडकतं, आणि बघता बघता सगळी बाग जाते. हा जंतूचा रोग. छाटणीच्या कात्रीवरून, मजुरांच्या हातावरून, कपड्यांवरून एका बागेतून दुसरीत जातो. अक्कांनी डोळ्यांदेखत जेसीबी लावून बहरात आलेली झाडं उपटून घेतली होती. दुसरी बाग लावली तेव्हा त्यांनी बांधावर हे घमेलं ठेवलं. दुसऱ्याच्या बागेतून आलेल्या मजुराला त्या कपडे बदलल्याशिवाय आत सोडत नसत. एक झाड छाटून झालं की कात्री औषधात बुडवायची, मगच पुढच्या झाडाला हात लावायचा. आळशी मजूर त्यांच्याकडे दुसऱ्यांदा कामाला येत नसे. आजूबाजूच्या बागा जात राहिल्या, अक्कांची राहिली.

तात्यांनी मला ही सगळी हकिकत पहिल्याच भेटीत सांगितली होती, दंडाला पट्टा बांधलेला असताना. शेवटी म्हणाले, "आता तिची तिसरी बाग म्हंजी मी."

बारामतीचे डॉक्टर अक्कांना समजावून सांगत होते, तेव्हा मी तिथं नमुना पोचवायला गेले होते. ते म्हणाले, केमोनं रोगाबरोबर शरीराचे राखणदारही मरतात. अशा वेळी ज्या जंतूंकडे आपण एरवी ढुंकूनही बघत नाही ते जिवावर उठतात. ताप आला तर घरात गोळी देऊन वाट बघू नका, सरळ घेऊन या. अक्कांनी सगळं ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला.

"म्हंजी छाटणी झाल्यावर झाड उघडं पडतं, तसं का?"

डॉक्टरांच्या वडिलांचीही शेती होती. त्यांना उपमा आवडली. ते हसून हो म्हणाले. त्या एका होकारावर अक्कांनी पुढचे सगळे महिने काढले.

आपल्याकडे आजारी माणसाला बघायला जायची रीत आहे. नारळपाणी घ्यायचं, बिस्किटाचा पुडा घ्यायचा, उशाशी बसायचं, कपाळाला हात लावायचा, तब्येत उतरली म्हणून हळहळायचं आणि आपल्या मावसभावाला असंच झालं होतं ते सविस्तर सांगायचं. न जाणं म्हणजे संबंध तोडणं. आणि आलेल्याला दारातून परत पाठवणं म्हणजे तर काही बोलायलाच नको. तात्या आयुष्यभर सगळ्यांकडे गेलेले, त्यामुळे सगळी पंचक्रोशी त्यांच्याकडे येणार होती. ती आली, आणि अक्कांनी ती घमेल्यापाशी थोपवली.

भिगवणची नणंद आली. तिला अक्कांनी अंगणात खुर्ची दिली, चहा दिला, आणि खिडकीच्या ग्रीलपासून लांब बसवलं. भावाला बघून ती रडायला लागली आणि ग्रीलकडे धावली, तशा अक्का मधे उभ्या राहिल्या. "रडा, पर तितनं रडा," म्हणाल्या. नणंद चहा न पिता गेली.

एक पुढारी आला. निवडणूक जवळ आली होती, त्याला सगळ्या आजाऱ्यांचा कळवळा आला होता. पांढरे कपडे, पांढरे बूट. अक्का म्हणाल्या, "पाय बुडवा." त्याला वाटलं हा कसला तरी मानाचा प्रकार आहे, त्यानं बूट न काढताच पाय बुडवले. बरोबरचे लोक फोटो काढत होते. "आता हात दावा," अक्का म्हणाल्या. हात बघितले आणि तिथूनच निरोप दिला, "बरं झालं आला. आता या." मत मात्र त्यालाच दिलं असं त्या पुढं सांगायच्या, कारण त्यानं निदान पाय तरी बुडवले.

कोऱ्हाळ्याहून एक देवऋषी अंगारा घेऊन आला होता. अक्कांची देवावर श्रद्धा होती, त्यांनी त्याला हाकललं नाही. अंगाऱ्याची पुडी हातात घेतली, वास घेतला आणि विचारलं, "ह्यो उकळला तर चालंल का?"

हे सगळं मी लॅबमध्ये रंगवून सांगायची आणि आम्ही हसायचो. गावात मात्र हसणं कमी आणि बोलणं जास्त होतं. नवऱ्याला कोंडून ठेवलाय, म्हणत. माणसापेक्षा बाटलीतलं औषध जवळचं झालंय, म्हणत. अक्कांच्या कानावर ते सगळं जायचं. "बोलू द्या," त्या म्हणायच्या. "बाग ऱ्हायली का न्हाय?"

आणि बाग राहत होती, हे मान्य करायला हवं. एकेक केमो पार पडत होता. काउंट पडायचं, पुन्हा चढायचं, तात्यांना ताप मात्र आला नाही. बारामतीच्या डॉक्टरांनी दुसऱ्या पेशंटच्या नातेवाइकांना अक्कांचं उदाहरण दिलं. अक्कांनी ते मला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना लाजल्या.

आत जायची परवानगी असलेलं बाहेरचं माणूस मी एकटीच. म्हणून मला आत काय चाललंय ते दिसायचं. अक्का नवऱ्याच्या खोलीत पाऊल टाकत नसत. ताट स्टुलावर ठेवायच्या, स्टूल पायानं आत सरकवायच्या आणि उंबऱ्यात बसून ते जेवेपर्यंत बोलत राहायच्या. अंथरूण तात्या स्वतःच घालायचे, कपडे उकळत्या पाण्यातून निघालेले दारात मिळायचे. त्या झोपायच्या बाहेरच्या खोलीत. डॉक्टरांनी यातलं काही सांगितलं नव्हतं. हात स्वच्छ धुऊन बायकोनं जवळ बसावं, एवढंच म्हणणं होतं त्यांचं. मी एकदा तसं म्हणाले.

अक्कांनी आपले हात माझ्यापुढे पालथे केले. "माजी नखं बग. ह्यातली माती मरंस्तवर जायची न्हाय," त्या म्हणाल्या. "मी बागंत असती दिसभर. मी कशी शिवू?"

तात्या तक्रार करत नसत. मी दंडाला पट्टा बांधला की त्यांचा प्रश्न ठरलेला. "बाजारात काय चाललंय?" मी रस्त्यात पाहिलेलं सगळं सांगायची. कांद्याचे भाव, कुणाचं लग्न, कुणाची नवी गाडी. ते डोळे मिटून ऐकायचे. आणि सगळ्यात शेवटी, अगदी सहज आठवल्यासारखं विचारायचे, "हुसेन भेटला का वाटंत?"

हुसेनभाई त्यांचे दोस्त. पलीकडच्या शिवारात त्यांचा पानमळा आहे. गेली कित्येक वर्षं संध्याकाळी हुसेनभाई मळ्यातली ताजी पानं घेऊन यायचे आणि दोघं ओट्यावर बसून विडा खायचे. बोलायचं फारसं नाहीच. चुना इकडे कर, सुपारी संपली, आज वारं सुटलंय, एवढंच. तात्या आजारी पडल्यावर अक्कांनी हुसेनभाईंनाही कुंपणाबाहेर ठेवलं. पान तर लांबच राहिलं. कच्चं पान, मळ्यातलं पाणी, चुन्याची डबी सगळ्यांच्या हातातली, असं म्हणून त्यांनी तो विषयच संपवला.

हुसेनभाईंनी यायचं सोडलं नाही. कुंपणाबाहेर डाळिंबाचा एक क्रेट पालथा घालून ते बसायचे. तात्या आतून ग्रीलशी खुर्ची ओढायचे. आवाज पोचत नसे, म्हणून दोघं मोबाइल कानाला लावायचे. एकमेकांना दिसतायत, मधे अंगण आहे, आणि फोनवर बोलतायत. मी एकदा निघताना ऐकलं. हुसेनभाई फोनमध्ये सांगत होते, "वारं सुटलंय आज." तात्या म्हणत होते, "व्हय, दिसतंय हितनं."

एकदा तात्यांनी माझ्यासमोर अक्कांना विचारलं होतं. "यकदा येऊ दे त्याला आत. पाय बुडवील, हात धुईल. घडीभर हितं बसंल." अक्का उंबऱ्यात होत्या. त्या म्हणाल्या, "काउंट चढलं की बसा की. कोन नगं म्हनतंय? ह्यो केमो शेवटचाच हाय." तात्यांनी मान डोलावली. त्या आठवड्यात काउंट इतकं पडलं होतं, की रिपोर्ट हातात घेताना मीच पुन्हा तपासून बघायला सांगितलं होतं.

ताप दुपारी आला. अक्कांनी दारातून थर्मामीटर दिला, आकडा बघितला, गोळी दिली नाही, गाडी बोलावली आणि तात्यांना तडक बारामतीला आणलं. दवाखान्यात नेताच सलाईनमधून औषध सुरू झालं. कुणाचीही कुठं चूक झाली नाही, हे मी मुद्दाम लिहितेय. कारण अशा वेळी चूक सापडली तर बरं वाटतं. तात्या दोन दिवसांत गेले.

रक्तात कुठला जंतू आहे हे कळायला रक्त बाटलीत घालून जंतू वाढू द्यावे लागतात. त्याला वेळ लागतो. त्या बाटल्या आमच्याच लॅबमध्ये होत्या. उत्तर आलं तेव्हा विचारणारं कुणी नव्हतं.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला भीती वाटत होती. तात्यांना हात लावणारी मी एकटी होते. हातमोज्यातून शीर नीट कळत नाही, म्हणून मी हात धुऊन आधी उघड्या बोटानं शीर चाचपायची, मग स्पिरिट, मग हातमोजे, मग सुई. आम्ही सगळे असंच करतो, शिकवलेलंही असंच आहे. तरी झोपताना बोटाचं टोक आठवायचं. दिवसातून कितीदा तरी मी ते बघायची.

अक्कांना मात्र दुसरीच गोष्ट सापडली होती. तात्यांची गादी उन्हात टाकताना उशीखाली पानाचा देठ निघाला. वाळून काडी झालेला, पण निमगावात पानाचा देठ न ओळखणारं कुणी नाही. दहाव्याला घाटावर सगळे जमलेले असताना अक्का हुसेनभाईंपुढे जाऊन उभ्या राहिल्या. तो देठ त्यांनी पदराच्या गाठीतून काढला.

"मी पोटच्या पोरीला आत घेतलं न्हाय," त्या म्हणाल्या. "आन् तू पान चारलंस त्याला. माज्या माघारी."

लेक फलटणला दिलेली, ती आईला मागं ओढत होती. हुसेनभाईंनी हात जोडले. एक शब्द बोलले नाहीत. लोकांनी त्याचा जो अर्थ काढायचा तो काढला. त्यानंतर हुसेनभाई त्या रस्त्यानं येईनासे झाले. मी जाता-येता बघायची, क्रेट कुंपणाबाहेर तसाच पालथा असायचा.

मग एक दिवस अक्का लॅबमध्ये आल्या. बारामतीला एसटीनं एकट्या. आल्या आल्या बेसिनवर हात धुतले, रुमालाला न पुसता तसेच वर धरून वाळवले आणि माझ्यापुढे बसल्या.

"कुनाच्या हातानं आलं ते सांग," त्या म्हणाल्या. "त्याला शिवनारी तू एकली. पान देनारा हुसेन. का तू, का त्यो. यकाचं नाव सांग, म्हंजी मी सुटले."

मी त्यांना आमच्या मॅडमकडे घेऊन गेले. मॅडम जंतुतज्ज्ञ आहेत, बोलायला कमी आणि मायाळू. त्यांनी अक्कांना शेजारी बसवलं आणि सावकाश सांगितलं. तात्यांच्या रक्तात सापडलेला जंतू आपल्या सगळ्यांच्या आतड्यात असतो. जन्मल्यापासून असतो, तिथं काही त्रास देत नाही. केमोनं आतड्याचं अस्तर सोलवटतं, राखणदार पेशी उरलेल्या नसतात, तेव्हा तो तिथूनच रक्तात शिरतो. ज्यांच्या पेशी पडल्यात त्यांच्यात असं फार वेळा होतं. पानानं नाही, सुईनं नाही. त्यांचा त्यांच्यातच होता.

मला एकदम हलकं वाटलं, आणि लगेच अक्कांकडे बघून त्या हलकेपणाची लाज वाटली.

अक्कांनी आपले हात पालथे करून बघितले. मग म्हणाल्या, "खोडात."

मॅडमना कळलं नाही. अक्का त्यांना समजावून सांगायला लागल्या, आवाज अगदी शांत. "तेल्या खोडात बी असतो, बाई. दडून बसतो. वरनं झाड हिरवंगार. झाड कमजोर झालं, हवा बदलली, का मग वर येतो. त्याला कुनी आनावं लागत न्हाय. बागंवाल्याला ही गोष्ट सांगावी लागत न्हाय. मला ठावं व्हती."

मॅडम म्हणाल्या, बाहेरूनही जंतू येतात, तुम्ही जपलंत म्हणूनच आधी ताप आला नाही. ते खरंच होतं. पण अक्का ऐकत नव्हत्या.

"मग मी दार कुनावर लावलं?" त्या म्हणाल्या.

त्यानंतर कितीतरी घरांत मी पेशंटच्या माणसांना हात धुवा, गर्दी करू नका, असं सांगितलंय, ते सांगायलाच हवं म्हणून सांगितलंय, आणि दर वेळी सांगून झाल्यावर अक्कांचा तो प्रश्न मला ऐकू येतो. मग मी पुढं एक वाक्य जोडते. जवळ बसा, म्हणते. हात धुऊन जवळ बसा.

लॅबमधून निघताना अक्का म्हणाल्या, "मला हुसेनकडं सोड." मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्यांना स्कूटीवर मागं बसवलं.

पानमळ्यात सावली असते आणि ओल असते, बाहेरच्या उन्हातून आत गेलं की डोळ्यांना काही दिसत नाही. अक्का आयुष्यात कुणाच्या बागेत, मळ्यात शिरलेल्या नव्हत्या. दुसरीकडचा रोग आपल्या पायानं येईल या भीतीनं. त्या दिवशी त्या सरळ आत गेल्या. हुसेनभाई पानं निवडत बसले होते. अक्कांना बघून ते उठले, डोक्यावरची टोपी सारखी केली.

"तुजं पान न्हवतं," अक्का म्हणाल्या. "त्याच्या आतलंच व्हतं. दाक्तरीनबाईनं सांगितलं. ही पोरगी साक्षीला हाय. मी चार लोकांत तुला बोलले, आता चार लोकांत सांगीन."

हुसेनभाई म्हणाले, "पान मी दिलं व्हतं, वहिनी. ते खोटं न्हाय. तुमी बागंत व्हता. त्यानं लई दिसांनी मागितलं, मला न्हाय म्हनवलं न्हाय." मग म्हणाले, "त्यानं खाल्लं न्हाय. नुसतं हुंगलं. देठ मोडून घेतला आन् पान ग्रीलमधनं मला माघारी दिलं. म्हनला, नगं, तिला वंगाळ वाटंल."

अक्का तिथं पडलेल्या पोत्यावर बसल्या.

"तवा का न्हाय बोललास?" त्यांनी विचारलं. "घाटावर. गप का ऱ्हायलास?"

"तुमी रडत न्हवता," हुसेनभाई म्हणाले. "पोरगी म्हनली, आल्यापासनं आई रडली न्हाय. भांडत तरी व्हता. म्हनलं, भांडू द्या."

हुसेनभाईंना असं बोलताना ऐकून मला रडू आलं. अक्कांना तेव्हाही आलं नाही.

अक्का आता निमगावात नाहीत. लेकीनं फलटणला नेलं. बाग चुलतपुतण्यानं घेतली, बरी ठेवलीय म्हणतात. मी त्या रस्त्यानं अजून जाते, पलीकडच्या वस्तीवर एक पेशंट आहे. घर बंद असतं. स्कूटीचा वेग तिथं आपोआप कमी होतो आणि माझे दोन्ही हात हँडलवर घट्ट होतात.

पण त्या दिवशी मळ्यातून परत आल्यावर जे झालं ते अजून सांगायचं राहिलंय. मी त्यांना घरी सोडलं आणि निघणार होते. त्या म्हणाल्या, बस जरा. कुलूप उघडून आम्ही आत गेलो. त्या तात्यांच्या खोलीत गेल्या आणि त्यांच्या कॉटवर बसल्या. मला शेजारी बसवलं. खोली रिकामी होती, धुऊन काढलेली, ब्लिचिंगचा वास भिंतींना अजून होता.

"दवाखान्यात सिस्टर म्हनली, आता जवळ जावा, हात धरा," अक्का म्हणाल्या. "मला कळलं ती कशापायी म्हनती. मी म्हनलं, धुऊन येते. नळ लई लांब न्हवता. चांगलं कोपरापातूर धुतलं. आले तर सिस्टर मशीन काढत व्हती."

मी त्यांच्याजवळ सरकले.

"तवा धरला मी हात," त्या म्हणाल्या. "पर ते झाल्यावर. त्यात कळत न्हाय काय." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आजवर त्या माझ्या हातांकडेच बघत आल्या होत्या, चेहऱ्याकडे पहिल्यांदा बघत होत्या. "तू दर हप्त्याला धरायचीस. कसा लागायचा गं त्यांचा हात?"

मी आठवून आठवून सांगितलं. बोटं गार असायची, पण कोपराच्या आतल्या बाजूला ऊब असायची. कातडी सैल पडली होती आणि मऊ झाली होती, आधी राबून घट्टे पडले असतील ते सगळे गेले होते. मूठ करा म्हटलं की ते अंगठा आत घेऊन मूठ करायचे. सुई टोचताना हात कधी हलला नाही. कापूस दाबून धरा म्हटलं की धरायचे, पण दुसऱ्या हातानं माझं मनगट घडीभर धरून ठेवायचे. काही कारण नसायचं. मग सोडायचे आणि म्हणायचे, जा, तुला उशीर व्हतोय.

"डावा का उजवा?" अक्कांनी विचारलं.

"डावा."

त्यांनी आपला डावा हात पुढे केला, बाही वर सारली, आणि मांडीवर उताणा ठेवला. तात्यांचा धरायची तसाच मी तो हात धरला, कोपराखाली एक तळवा आणि वर बोटाचं टोक. अक्कांनी डोळे मिटले. त्यांची मूठ हळूहळू वळली, अंगठा आत गेला.

बाहेर उन्हं कलली तरी त्यांनी हात काढून घेतला नाही, आणि मीही सोडला नाही.